दोन्ही बाजूंनी ऐकणारा माइक

ही हकिकत खरी आहे. १९५६ च्या मार्चमधली, मूल गावच्या आठवडी बाजारातली. वेळ भर दुपारची. पाहणारे शंभरावर होते.

माझे बाबा, मुखरू सोनार, दागिने घडवता घडवता माइक बनवू लागले. नागपूरला पाहिलेल्या एका जुन्या विलायती माइकची हुबेहूब नक्कल. आत दोन लोहचुंबकांच्या मधे सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी वर्खाची पट्टी. फुंकर मारली तरी फाटेल इतकी पातळ.

असा माइक पुढून ऐकतो, तेवढाच मागूनही ऐकतो. बाजूंना मात्र बहिरा.

लटारूभाऊ लाउडस्पीकरचे भोंगे भाड्याने द्यायचा. पहिला माइक त्यानेच सांगून बनवून घेतला होता. न्यायला आला आणि तपासायला म्हणून त्यात फुंकर मारली. पट्टी फाटली. महिन्याभराचं काम होतं ते.

बाबांनी चारचौघांत त्याच्या कानाखाली मारली.

त्याच संध्याकाळी बाबा दुकानात मेलेले सापडले. पायरीवरून पडले, असं लटारूभाऊच सगळ्यांना सांगत होता. पोलिसांनी तेच लिहिलं.

रक्त मी पुसलं. कवटीवर तीन खड्डे होते. गोल. बाबांच्या हातोडीच्या तोंडाएवढे.

मी कुणाला सांगितलं नाही. मोजणारी मी एकटीच होते.

तेरवीनंतर लटारूभाऊ आला. पट्टी बसवून दे म्हणाला. मी बसवली. जाळी लावण्याआधी माइकच्या मागच्या बाजूला ओठ नेले आणि हलकेच विचारलं, बाबा, कोणी मारलं?

बाजारात माइक उभा करताना मी त्याला बजावलं, फुंकू नका.

तो हसला. "तू भी बापावानी कानाखाली देशीन का वो, भागीरथा?"

आणि माझ्याकडे बघत त्याने फुंकलं.

भोंग्यातून आवाज आला... फू.

मग परत... फू.

त्याचं तोंड मिटलेलं होतं. माइकच्या मागे गोदामाची कोरी भिंत होती.

मग टक... टक... टक. काम सुरू करण्याआधी बाबा ऐरणीवर हातोडी आपटायचे, तशी.

लटारूभाऊने वायर उपटली.

टकटक चालूच राहिली.

तो माइकच्या पलीकडे बघत होता. त्याचा आवाज अगदी खाली आला.

"तीनच मारलो, मुखरूभाऊ. तीनच."

भोंग्यातून पहिला घाव आला आणि त्याचं कपाळ फुटलं. दुसऱ्याला तो गुडघ्यांवर आला. रक्त शेजारच्या मिरच्यांच्या ढिगावर उडालं. तिसऱ्यानंतर तो उठलाच नाही.

त्याच्यापासून दहा हातांच्या अंतरात कुणी नव्हतं.

माइकचा खांब डोक्यावर पडला, असं पोलिसांनी लिहिलं. खड्डे तीन होते. गोल.

घरी आणून मी जाळी उघडली. पट्टी शाबूत होती. लटारूभाऊने पुढून फुंकलं होतं, म्हणजे ती मागे फुगायला हवी.

ती पुढे फुगलेली होती.

माइकच्या मागून मी बाबांना विचारलं होतं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माइक कपाटात आहे. कोणतीही बाजू भिंतीकडे केली, तरी दुसरी माझ्याकडेच राहते.