राखलेली खुर्ची

टिश्यूच्या पाकिटाचा एक कोपरा मुडपलेला होता. सौमित्र पाकीट खिशात कोंबताना नेहमी तोच कोपरा आधी घालायचा, हे गार्गीच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

त्यांची ओळखही अशाच एका पाकिटामुळे झाली होती. प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी पुण्याहून सिंगापूरला येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. बुकित बातोकच्या याच हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या गजबजाटात, रिकाम्या खुर्चीवर पडलेलं पाकीट तिने खुशाल फोडलं, लक्साच्या तिखट नूडल्सनी वाहणारं नाक पुसलं आणि तिथेच बसली. वर बघते तर समोर ट्रे घेऊन एक मुलगा!

"अगंबाई... तुमचं होतं?"

"मराठी?" तो हसला. "मग एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, हे माहीत असेलच. इथे टिश्यू टाकतात."

"पण जागा धरलेल्या रुमालाला कोणी नाक पुसत नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली. आज टेबलावर इटलीचा नकाशा पसरला होता. बाहेर पाऊस, आत कॉफीचा वास, आणि सौमित्रचं बोट रुळांवरून धावत होतं. रोम, मग फ्लॉरेन्स, मग व्हेनिस...

"आणि तिथून मिलान. हे त्रिएस्ते तू परत मध्येच घुसवलंस, गार्गी. पार पूर्वेच्या टोकाला आहे ते. गाडी तिथेच संपते. बघायचं काय तिथे?"

"समुद्र."

"सिंगापूरहून समुद्र बघायला जायचं?"

"एक लॅब पण आहे."

"सुट्टीत पण लॅब! धन्य आहेस."

"त्यांनी मला बोलावलंय, सौमित्र. नोकरीला. तीन वर्षांसाठी."

त्याचं बोट व्हेनिसवरच थांबलं. कपातली ढवळलेली कॉफी मात्र अजून फिरत होती. ती थांबेपर्यंत गार्गी तिच्याकडेच बघत राहिली. गणपतीत त्याने लग्नाचं विचारलं होतं. 'थोडं थांब ना,' एवढंच ती म्हणाली होती. कशासाठी थांबायचं, ते आज कळत होतं त्याला, तेही असं.

"म्हणून थांबवलंस मला?"

"तू इथलं सगळं सोडून येशील का, हे विचारायची हिंमत होत नव्हती."

तो उठला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

भांडेल, रुसेल, हे सगळं तिने मनात धरलं होतं. उठून जाईल, हे नव्हतं धरलं. आता धावत जावं? काय सांगावं? त्याच्या मोकळ्या खुर्चीकडे बघायचा धीर होईना...

"हॅलो, गर्ल. हिअर गॉट पीपल?" नूडल्सचा वाफाळता वाडगा घेऊन एक वयस्क अंकल त्या खुर्चीकडे बोट दाखवून कोणी बसलंय का, विचारत होते.

तिने नाइलाजाने तिकडे पाहिलं. खुर्चीवर टिश्यूचं पाकीट होतं. एक कोपरा मुडपलेलं.

तो गेला नव्हता. जागा धरून गेला होता.

"सॉरी, अंकल," ती म्हणाली. "माय हजबंड इज सिटिंग हिअर."

"ओके, ओके लाह," म्हणत अंकल वळले. त्यांच्या मागे हातात दोन नव्या कॉफ्या घेऊन सौमित्र उभा होता. थिजल्यासारखा.

"कॉफी गार झाली होती," तो कसाबसा म्हणाला. "आणि मला जरा... श्वास घ्यायचा होता. तिकडे माझ्यासारख्याला काम मिळतं का, ते शोधावं लागेल." मग कप खाली ठेवत, तिच्याकडे न बघता, "आत्ता काय म्हणालीस तू त्यांना?"

गार्गीने पाकीट उचललं, खुर्ची मोकळी केली.

"मराठीत सांगते. बस आधी." तो बसेपर्यंत ती थांबली. "लग्न करू या, सौमित्र. आणि त्रिएस्तेला दोघं जाऊ."