अंगदला कोणी वळवलं?

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. हे माझ्याच माहेरच्या घरात घडलंय.

गाव राणीसावरगाव. गंगाखेड तालुक्यातलं. मार्गशीर्ष चालू होता, कापूस वेचणी जोरात होती. आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

माझा धाकटा भाऊ अंगद ऊसतोडीला जायचा. ट्रक भरताना मोळीसकट फळीवरून पडला. मणका मोडला.

कमरेखाली सगळं बधिर.

दवाखान्यातच त्याला बेडसोर झाला. एका अंगावर पडून पडून कातडी सडली होती. त्याला दुखत नव्हतं, म्हणून कोणाला कळलंच नाही. आईनं ती जखम पाहिली आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

घरी आणल्यावर परभणीहून धम्मशीला सिस्टर आल्या. त्यांनी गादीवर एक चादर अंथरली. तिच्यात सेन्सर होते. कोणत्या जागेवर किती वेळ भार पडला, ते मोबाईलवर दिसायचं. अंगदच्या देहाचा हिरवा आकार... भार जास्त झाला की तिथं पिवळं, मग तांबडं. तांबडं झालं की मोबाईल वाजायचा. तीच माहिती परभणीत सिस्टरलाही दिसायची. ती बघून त्या फोन करायच्या, उशी जरा खाली सरकवा म्हणायच्या.

माझ्या आईला, बानूबाईला, अक्षर येत नव्हतं. पण रंग कळायचे. ती तांबडं होऊच द्यायची नाही. अंगदला कुशीवर वळवायची, दोन्ही गुडघ्यांच्या मधे जुन्या लुगड्याची घडी ठेवायची, आणि त्याच्या पायाशी बसून राहायची.

जखम भरली.

आणि एका सकाळी अंगण झाडता झाडता आई गेली.

अंगदला उठता येत नव्हतं. म्हणून अग्नी मी दिला.

आम्ही ओढ्याकाठी गेलो तेव्हा शेजारच्या छबूबाईला अंगदजवळ ठेवलं होतं. आईचा मोबाईल माझ्याकडे होता. चिता पेटली... आणि तो वाजायला लागला.

उजवा खुबा. तांबडा.

मी छबूबाईला फोन लावणार, तेवढ्यात...

वाजणं थांबलं.

मी स्क्रीन पाहिली. अंगद डाव्या कुशीवर होता. तांबडं गेलं होतं. आणि त्याच्या पायाशी, कडेला, एक लहानसा हिरवा ठिपका.

कोणीतरी बसल्यासारखा.

मला वाटलं, छबूबाई असेल.

घरी आलो. दाराला बाहेरून कडी होती. छबूबाई ओट्यावर बसली होती. म्हणाली, त्याचं रडणं बघवेना, म्हणून बाहेरच बसले. आत कोणी गेलं न्हाई.

घराला दार एकच.

मी कडी काढली. अंगद डाव्या कुशीवर होता. गुडघ्यांच्या मधे लुगड्याची घडी...

त्यानं हळूच विचारलं, "अक्का, आईला नेलं न्हाई का आजून?"

मी बाहेर जाऊन पदर तोंडात धरला.

त्यानंतर मी माहेरीच राहिले. पाणी आणायला जावं, परत यावं, तर अंगद वळलेला. मोबाईल एकदाही वाजला नाही. ठिपका मात्र दिसायचा. सिस्टरचा परभणीहून फोन आला. पेशंटच्या पायाशी कोण बसतं, त्यांना उठवत जा, माहितीत घोळ होतो, म्हणाल्या.

मी म्हणाले, इथं कोणीच बसत नाही.

त्या स्वतः आल्या. चादर तपासली. काही बिघाड नव्हता. मग मोबाईलवर ठिपका होता, त्या जागी त्यांनी हात नेला... आणि पटकन मागे घेतला. निघताना एवढंच म्हणाल्या, "कातडी एकदम चांगली आहे त्याची."

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे आले, झाडावर बसले. शिवेनात.

ऊन चढलं. चुलते बन्सीधर म्हणाले, बाईचं काहीतरी राहिलंय. तूच सांग तिला.

मी हात जोडले. मोठ्यानं बोलवेना. मनातल्या मनात म्हणाले, आई, अंगदला मी माझ्या घरी परभणीला नेते. मी वळवीन त्याला. तू आता जा.

कावळा शिवला.

आणि पिशवीतला मोबाईल वाजला.

थांबेल, असं वाटलं. वाजतच राहिला... वाजतच राहिला. मी धावत घरी आले. अंगद सकाळी ठेवला तसाच होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्क्रीनवर पायाशी काहीच नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा आईसाठी मोठ्यानं रडले.

आता अंगद माझ्याकडे परभणीत आहे. मी त्याला वळवते. जखम होऊ दिलेली नाही. पण तो माझ्याशी फारसं बोलत नाही.

परवा दुपारी त्याला भरवत होते. त्यानं घास नाकारला. माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, आई कुठं जायला तयार होती? तू कामून तिला जा म्हणलीस?"

ओढ्याकाठी मी मनात काय बोलले, ते आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

नवऱ्यालासुद्धा नाही.