छपरावरची ताडपत्री

"वहिनी, दादाला शॉक बसलाय! इस्पितळात नेलं, शुद्ध नाही. फौजदार म्हणतात, मीच केलं!"

फोनवर दीर होता. वहिनी दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होती. तार तशीच टाकून ती निघाली.

कारखान्याच्या छपरावर सौर पॅनेलची लांबलचक रांग होती. बाजूला ताडपत्री लोळत होती आणि रांगेखाली नवऱ्याची चप्पल पडली होती. एकच.

बेडीतल्या दिराकडे बोट दाखवून मुकादम फौजदारांना म्हणाला, "खाली स्विचपाशी हाच होता. यानंच चालू केला. स्विच बंद असला की तारा मेलेल्या."

"वहिनी, तुझी शपथ, हातसुद्धा लावला नाही!"

खोटं बोलत असेल तर? एक इस्पितळात, दुसरा तुरुंगात. वहिनीने तो विचार गिळला.

"ताडपत्री कोणी काढली?" पॅनेल झाकल्याशिवाय नवरा रांगेखाली शिरत नसे, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"मीच," मुकादम म्हणाला. "किंकाळी ऐकून वर आलो, माणूस दिसेना, म्हणून ओढली."

खाली पहारेकऱ्याच्या खोलीत छोटा पंखा फिरत होता. वहिनीने वरूनच विचारलं, "काका, हा कशावर चालतो?"

"रांगेच्या टोकाला माझं पिटुकलं पॅनेल आहे, त्याच्यावर. बॅटरी नाही, ऊन गेलं की फुस्स! आज सकाळी असाच रुसला. मग आपणहून फिरला. म्हटलं, सुटलो! निवांत पाणी प्यायलो, बाटलीला झाकण लावतोय, तोच किंकाळी."

मुकादम एक पाऊल जवळ सरकला. वहिनीच्या मागे गुडघ्याएवढाच कठडा होता.

"फौजदारसाहेब, सूर्याला स्विच नसतो. उजेड पडला की पॅनेलमध्येच वीज तयार होते. खालचा स्विच बंद असला तरी या तारा जिवंतच. ताडपत्री घातली तेव्हा काकांचं पॅनेलही झाकलं गेलं, पंखा थांबला. तो फिरला किंकाळीच्या आधी. म्हणजे ताडपत्रीही आधीच निघाली. आमचे हे खाली तारांच्या सांध्यावर वाकलेले, त्यांना वरचं काय दिसणार? जुन्या जळक्या तारा या मुकादमांनीच बसवल्यात, ही गोष्ट ते आज मालकांना दाखवणार होते."

"बाईमाणसाचे तर्क!" मुकादम म्हणाला. "स्विचनंच झालं."

"बरं. आता स्विच बंद आहे?"

"तासाभरापासून."

वहिनीने नवऱ्याच्या पिशवीतले रबरी हातमोजे चढवले आणि तारेची दोन उघडी टोकं त्याच्यापुढे धरली. "मेलेल्या आहेत ना? घ्या, दोन्ही हातांनी धरा."

मुकादमाने आधी आभाळाकडे पाहिलं. लख्ख ऊन होतं. त्याचे दोन्ही हात हळूच पाठीमागे गेले.

दिराच्या हातातली बेडी त्या हातांत गेली. वहिनीने हातमोजे उतरवले.

"वहिनी?"

"इस्पितळात चल," ती म्हणाली. "आणि ती चप्पल घे. दुसरी त्यांच्या पायात असेल."