एकवीस हँगर

खोटं बोलायची सवय मला नाही. ती माझ्या मुलाला आहे. म्हणून ही गोष्ट मीच लिहितेय, त्याच्यावर सोडली नाही.

काहीही विचारा, "काही नाही झालं, आई" हे त्याचं ठरलेलं उत्तर. घराला आग लागली तरी हेच म्हणेल.

मागच्या उन्हाळ्यातला मंगळवार. भर दुपार. खाली आमचं लाँड्रीचं दुकान, वर आम्ही राहतो. मागच्या झाडावर कावळीने घरटं केलं होतं, तेही आमच्याच तारेच्या हँगरांचं. कपडे सोडून नेमका रिकामा हँगर उचलायची. चोर, पण कामाला पक्की.

मुलगा शिडी लावून चढला. घरटं उपसलं. एकवीस हँगर ठोकून सरळ केले आणि गिऱ्हाइकांचे इस्त्रीचे शर्ट त्यांच्यावरच टांगले.

"पिल्लं होती का रे?"

"रिकामं होतं, आई."

मी पुढे विचारलं नाही. ती चूक माझी.

त्या संध्याकाळपासून माझी नात रडायची थांबली.

चार महिन्यांची पोर. रोज सहाला दुधासाठी गल्ली डोक्यावर घ्यायची. त्या दिवशी...

आवाजच नाही.

तोंड उघडायची. मोठ्ठं, लालभडक. मान ताठ करून वर बघायची. आवाज मात्र नाही.

डॉक्टर म्हणाला, घसा ठीक आहे.

सून पाळण्यापाशीच बसून राहिली. "आई, एकदा रडू दे हो तिला. बाकी मला काही नको."

बुधवारी सकाळी दुकान उघडलं. आतून बारीक आवाज...

ची... ची...

उंदीर असेल म्हणून मी झाडू घेतला. आवाज शर्टांच्या रांगेतून येत होता. पहिला शर्ट सारला... आवाज दुसऱ्यात. दुसरा सारला... तिसऱ्यात. शेवटच्या शर्टापाशी थांबला.

मग माझ्या पाठीमागून सुरू झाला.

वळून बघितलं. वारा नव्हता. पंखा बंद होता. सगळे शर्ट एकाच बाजूला वळले होते...

झाडाकडे.

तेवढ्यात वरून सून किंचाळली. गुडघे विसरून जिना चढले.

पाळण्याजवळच्या खिडकीत कावळी बसली होती. ओरडत नव्हती. चोचीत काहीतरी वळवळत होतं... आणि माझी नात तिच्याकडे बघून तोंड उघडत होती.

झाडू फेकून मारला. ती उडाली. पण सावकाश.

मुलाला कॉलर धरून उभा केला.

"किती होती?"

"आई, काही नाही..."

"किती?"

"तीन. पिसंही फुटली नव्हती. कचऱ्यात टाकली. तू रागावशील म्हणून..."

सुनेने पोरीला उचललं आणि त्याच्याकडे पाठ केली. ओरडली असती तर त्याला परवडलं असतं.

एकवीसच्या एकवीस हँगर काढले. त्यालाच झाडावर चढवला.

"मला घरटं बांधता येतं का, आई?"

"मोडताना कुठे शिकवणी लावली होतीस? बांध."

त्याने वाकडंतिकडं काहीतरी फांदीत अडकवलं. कावळी हातभर अंतरावर बसून बघत होती. एकदाही चोच मारली नाही...

मारली असती तर बरं वाटलं असतं.

सहा वाजता नात रडली. अशी रडली, की समोरचा गॅरेजवाला काम टाकून बाहेर आला. सून रडत रडत हसत होती.

या गोष्टीला वर्ष होत आलं. दुकानात परत तो आवाज आला नाही. घरट्यात अजून एकही अंडं नाही. कावळी मात्र रोज त्यात बसते... रिकाम्या घरट्यात.

आणि नात रडली, की आम्ही उठायच्या आत काचेवर पंख आपटतात.

खिडकी आम्ही बंदच ठेवतो. चोच कधी रिकामी नसते.

काल पुन्हा पोर रडली. मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बघतो, आई."

पोरीने बापाकडे बघितलंच नाही. खिडकीकडे बघितलं... आणि तोंड उघडलं.

तेव्हा मी त्याला तोंडावर सांगितलं, "पोर रडली की ती आधी पोचते, तू नंतर. तिने ही पोर आपली मानलीय. तू अजून मानायचा आहेस."