केशरी हात

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण माझी मावसबहीण प्रणाली थापा मारणाऱ्यातली नाही. शिवाय हे रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी घडलं. गेल्या माघात, दिवेआगरला, त्यांच्या पडवीत.

प्रणाली व्हीआर हेडसेटसाठी चित्रं बनवते. गावातल्या एका होमस्टेवाल्यासाठी ती मोठ्या वादळाआधीची, आपल्याच घरामागची वाडी उभी करत होती. हुबेहूब नाही, कार्टूनसारखी. ठोकळ्यांचे माड, सपाट निळं आभाळ. माणूस एकही नाही. घालणाऱ्याला स्वतःचे दोन हात तेवढे दिसणार... केशरी, चार बोटांचे, मनगटाशी संपणारे.

खरी वाडी तिला जमलीच नसती. तिचे वडील बुधाजीकाका वादळात तिथेच, पोफळीखाली मृत सापडले होते. तेव्हा तिला काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही, म्हणते.

चाचणी म्हणून तिने हेडसेट आईला घातला.

सखूमावशी हसली. वादळानंतर पहिल्यांदाच.

मग रोज जेवणाच्या वेळेला तिला तेच हवं. ताट तसंच राहायचं. पंधरा दिवसांत मावशी निम्मी झाली. असंच चाललं तर ती हातची जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. प्रणालीने समजावलं, ओरडून पाहिलं. मावशी ढिम्म.

शेवटी आई आत काय बघते, ते तिने लॅपटॉपवर लावून पाहिलं.

माड. विहीर. दोन केशरी हात.

आणि... तिसरा.

आईच्या उजव्या हातात अडकवलेला.

प्रणालीने फाइल दोनदा तपासली. तिने हात दोनच बनवले होते.

"आई, हा कोणाचा हात?"

"आत्ताच आलेत ते. बसू दे जरा."

प्रणाली घाबरायला हवी होती. घाबरली नाही. त्याच संध्याकाळी तिने सगळं काम पुसून टाकलं.

दुसऱ्या दुपारी आईने पुन्हा हेडसेट घातला. आत नुसता काळोख.

तरी आई बोलत होती. हळू आवाजात, घरातलंच काहीबाही.

प्रणालीने हेडसेट काढून घेतला. आईचे डोळे मिटलेले. उजवा हात मात्र हवेत... कुणीतरी धरल्यासारखा.

तिने आईचा डावा हात धरला आणि जेवायला चल म्हणून ओढलं.

आई हलली नाही. उलट खुर्चीच सरकली... वाडीच्या दिशेने, वीतभर.

तिने पुन्हा ओढलं.

पुन्हा वीतभर.

"आई, तुला जायचंय?"

"व्हय. तू जेवून घे."

प्रणालीच्या अंगात जोर होता. आणखी ओढता आलं असतं.

तिने हात सोडला.

मावशी तिथेच, खुर्चीत गेली. डॉक्टरांनी अशक्तपणा, हृदय असं काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली.

हे मला प्रणालीने तेराव्यानंतर सांगितलं, लसूण सोलता सोलता. आवाज अगदी सपाट. शेवटी म्हणाली, "मी सोडला ना, तेव्हा हात गरम होता गो तिचा."

मीही लसूण सोलत राहिले.