केसरबाईंचं चालू पुस्तक

बुधवारी दुपारी दोन ते चार गोंडपिपरीचं वाचनालय आम्हा बायकांचं असे. ग्रंथपाल वामनराव कुलूप काढून देत, माठात पाणी आहे ना बघत, आणि समोरच्या पानठेल्यावर जाऊन बसत. आम्ही चौघी होतो. सकाळपाळीच्या शाळेत शिकवणाऱ्या सीताबाई, तलावाची मासोळी विकून हात लिंबानं घासून येणारी गिरजा, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या दाई केसरबाई आणि मी.

ह्यांची बदली पंचायत समितीत झाली ते साल १९८४. मी वरोऱ्याला बी.ए. झालेली, गाव नवं, कडेवर तीन वर्षांची विशाखा. हे ऑफिसात गेले की दुपार अंगावर येई. घरामागे विहीर, कठडा गुडघाभर. मी मागच्या दाराची कडी लावी, पुन्हा जाऊन बघे, पुन्हा बघे. हे हसत. म्हणत, "कडी आहे ती, पळून जात नाही." वाचनालय सापडलं तेव्हा मला जरा श्वास मिळाला.

पुस्तकं थोडी आणि प्रत एकेकच. आज जे माझ्याकडे ते पंधरा दिवसांनी गिरजाकडे जाणार. म्हणून पहिल्याच बुधवारी मी नियम घातला. प्रत्येकीनं आपलं चालू पुस्तक सांगायचं, पण खुणेच्या पानापर्यंतच. पुढचं चाळायचं नाही. आणि शेवट कुणी कितीही विचारला तरी सांगायचा नाही. केसरबाईंची सून विड्या वळायची, त्यामुळे खुणेला आम्हा सगळ्यांकडे तेंदूपानं.

"खून कोनं केला ते मले समजलं हाय," गिरजा दर वेळी म्हणायची. "पन सांगतलं तं प्रेमिलाबाई हाकलून देतीन."

"तुझ्या पुस्तकात दर वेळी नोकरच असतो," सीताबाई म्हणत.

"नाई ना बाई, आता मालक निंगाला."

मग ओळखीचं हसू, आणि चटईवर झोपलेल्या विशूला कुणीतरी पदरानं वारा घाले.

केसरबाई कमी बोलत. साठी उलटलेली, पांढरं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचा बिल्ला. पस्तीस वर्षं बाळंतपणं केली, पण अक्षरओळख झाली ती निवृत्तीनंतर, सीताबाईंच्या प्रौढ वर्गात. ओळीखाली बोट धरून त्या एकेक अक्षर लावत. आठवड्याला चार पानं. पण सांगायची पाळी आली की चार पानांचं अर्धा तास सांगत, काही न सोडता.

वाचनालयाच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी होती. पुढची पानं गळालेली पुस्तकं वामनराव तीत टाकून ठेवत. त्यांना नाव नसे, खाकी पुठ्ठ्यावर नुसता नंबर. पंच्याऐंशीच्या भाद्रपदात केसरबाईंनी त्यातून एक उचललं.

"याची अक्षरं मोठी हायेत," त्या म्हणाल्या. "मले जमन."

पुढच्या बुधवारी त्यांनी सांगायला सुरुवात केली. एक बाई आहे. नवऱ्याच्या बदलीनं लहान गावात येते. कवेलूचं, कौलारू घर, मागं विहीर. दुपारी ती दाराची कडी तीनदा बघते.

"अगं, ही तं आपली प्रेमिलाबाई," गिरजा म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. कडीचं मीच कधीतरी बोलले असेन.

त्यानंतरच्या आठवड्यात ती बाई झोपलेल्या मुलीच्या नाकापुढे हात धरून बसली होती.

"सगळ्याच आया बघतात," सीताबाई म्हणाल्या.

"हो," केसरबाई म्हणाल्या. "पन हे बाई वीस श्वास मोजते. वीस झाले की मंग उठते."

मी चटईकडे बघितलं. विशूच्या नाकापुढे हात धरून मी वीस मोजत असे, मनातल्या मनात. ओठही हलवत नसे. ह्यांनासुद्धा ते माहीत नव्हतं.

योगायोग असतात. मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेली बाई. तो आठवडा मी तसाच काढला.

मंगळवारी विशूनं नाकात चिंचोका घातला. मी तिचं डोकं मांडीत दाबून केसांच्या आकड्यानं तो काढला. आकडा दोनदा खाली पडला. हे रागावतील म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. चिंचोका चुलीत टाकला.

बुधवारी केसरबाईंनी चष्मा पुसला. "त्या पोरीनं चिंचोका घातला नाकात. आईनं आकड्यानं काढला आन् चुलीत टाकून देल्ला. कोनाले नाई सांगतलं तिनं."

"हे कधी वाचलंत तुम्ही?" मी विचारलं.

"झाले की पाच दिवस. गेल्या शुक्रवारी."

"आणि पुढे?"

"पुढच्या पानावर पोरीले ताप भरते. तिथीच खूण ठेवली हाय."

मी हात पुढे केला. अर्धं पुस्तक दुसरीच्या हाती द्यायचं नाही असा काही आमचा नियम नव्हता. केसरबाईंनी ते तेंदूपानाशी उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. मी वाचलं. विहिरीचं बांधकाम कसं करावं यावरचं जुनं पुस्तक होतं ते. कठड्याची उंची, चुन्याचं प्रमाण, गाळ काढायचे दिवस. मी दोन पानं मागे गेले, चार गेले. चुना आणि विटा.

"कुठे आहे, केसरबाई? दाखवा मला."

त्यांनी बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचू लागल्या. "त्या. रा. त्री. मु. ली. च्या. अं. गा. त. ता. प." बोटाखाली छापलं होतं, 'कठड्यास बाहेरून गिलावा करावा.'

सीताबाईंनी भिंतीवरची आठवडी बाजाराची नोटीस काढून त्यांच्यापुढे धरली. केसरबाईंनी ती शब्दन् शब्द बरोबर वाचली.

मग कुणीच हसलं नाही. गिरजानं विशूवर पदर घातला.

त्याच रात्री विशूच्या अंगात ताप भरला.

आपल्याकडे भाद्रपदात तापाचं नवल नाही. मलेरियाचा माणूस आला, बोटाला टोचून रक्ताची काच घेऊन गेला, कडू गोळ्या देऊन गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. ताप एकशे दोन. सकाळी एकशे दोन, संध्याकाळी एकशे दोन. ह्यांनी थर्मामीटर बदलून आणला. एकशे दोन.

शुक्रवारी केसरबाई घरी आल्या. उंबऱ्यावरच बसल्या, आत आल्या नाहीत.

"मी वाचनं बंद केलं," त्या म्हणाल्या. "पान जिथी होतं तिथीच हाय. आता पुढचं वाचत नाई. मरेपर्यंत नाई वाचत."

मी त्यांचे हात धरले. दुसऱ्याच्या लेकरासाठी म्हातारपणी शिकलेली गोष्ट सोडणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

सहा-सात दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, ताप उतरत नाही पण पोर खालावतही नाही, हे एक बरं. मला ते बरं वाटेना. माझ्या नजरेतून विशूचं काही सुटत नसे. ताप येण्याच्या आदल्या दिवशी ती ओट्यावरून पडली होती, गुडघ्यावर खपली धरली होती. ती खपली सातव्या दिवशीही तशीच, ओलसर, कडेला लाल. नखं मी बुधवारी कापली होती. ती वाढली नव्हती. आणि रोज दुपारी, खिडकीचं ऊन खाटेच्या पायाशी आलं की विशू डोळे उघडून विचारी, "आई, चिमणी गेली?"

"गेली," मी म्हणायची.

"पुन्हा येईल?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. त्याच आवाजात, "पुन्हा"वर तोच लहानसा खोकला. पुढे एक शब्द नाही.

आठव्या दिवशी ती "पुन्हा येईल?" म्हणाली, खोकली, आणि मला कळलं. ती नुसती आजारी नव्हती. तिला खुणेच्या पानावर थांबवून ठेवलं होतं.

बुधवार होता. गिरजाला मी खाटेजवळ बसवलं आणि वाचनालयात गेले. केसरबाई एकट्याच होत्या. त्यांच्यापुढे पुस्तक नव्हतं. नुसतंच चटईवर बसायचं म्हणून आल्या असाव्यात.

"वाचा," मी म्हणाले.

"नाई."

"केसरबाई, ती तिथेच अडकली आहे. खपलीसुद्धा वाळत नाही."

"आन् पुढं वाईट असन तं?" त्यांनी गळ्यातला बिल्ला मुठीत धरला. "पस्तीस वर्षं म्या लेकरं काढली, बाई. गेलेली बी पाह्यली. माह्या तोंडानं तुमच्या पोरीचं वाचू काय?"

"हे काय जगणं आहे? रोज तीच चिमणी."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग उठून पेटीपाशी गेल्या. पुस्तक त्यांनी सगळ्यात तळाशी, जुन्या पंचांगांखाली दडवलं होतं. तेंदूपान जागेवर होतं.

"मोठ्यानं नाई वाचत," त्या म्हणाल्या. "आधी मी पायतो."

बोट ओळीखाली सरकू लागलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले.

पानठेल्यावर रेडिओ चालू होता. कोळशाचा एक ट्रक खडखडत गेला.

पान उलटलं.

त्यांचे ओठ एकदा थांबले. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या हसल्या. मी भिंतीला टेकले.

पण बोट थांबलं नाही. आता ते आधीपेक्षा भरभर चाललं होतं. इतकं भरभर वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

पान उलटलं. अजून एक.

हसू गेलं.

शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीखाली बोट थांबलं. तिथेच राहिलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले, बाळंतिणीच्या पोटावर ठेवतात तसे, हलके.

"पोरगी बरी होते," त्या म्हणाल्या. "ताप आजच उतरते. चांगली मोठी होते. शाळेत जाते, चष्मा लागते तिले. लय वाचते."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. नाक पुसून मी विचारलं, सहजच विचारलं,

"आणि तिची आई?"

केसरबाईंनी तेंदूपान उचललं आणि त्याची घडी घातली. वाळकं पान, घडीवर मोडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"शेवट नाई सांगाचा, प्रेमिलाबाई," त्या म्हणाल्या. "नेम तुमीच लावला ना."

घरी आले तेव्हा विशू घामानं चिंब होती. गिरजा तिचं कपाळ पुसत होती. "चार वाजता एकदम उतरला," ती म्हणाली. "मले म्हणते, मासोळी आनली काय, मावशी?" गुडघ्यावरची खपली बोट लावताच निघाली. खाली गुलाबी कातडी होती.

त्याला आता तीन महिने झाले. बुधवार चालू आहेत. गिरजाच्या पुस्तकात पुन्हा नोकर निघाला. केसरबाई पेटीतली पुस्तकं घेत नाहीत, वामनरावांकडून नवं कोरं मागून घेतात. ते नंबराचं पुस्तक पेटीत आहे. मी दोनदा शेवटचं पान काढून बघितलं. 'वरीलप्रमाणे काम केल्यास विहीर पुष्कळ वर्षे टिकते.'

मी ह्यांना काही सांगितलेलं नाही. मागच्या विहिरीचा कठडा तेवढा कमरेपर्यंत बांधून घेतला. डॉक्टरांकडून मी स्वतःला तपासूनही घेतलं. काही नाही, म्हणाले, जरा रक्त कमी आहे.

केसरबाई आता रोज दुपारी आमच्याकडे येतात. विशूला भरवतात, तिची वेणी घालतात. मी करते म्हटलं तर म्हणतात, "राहू द्या. सवय होऊ द्या तिले." ट्रिपल-पोलिओच्या लशींचा कागद कुठे ठेवला, तिचा कोणता कान दुखतो, कोणतं गाणं म्हटलं की झोपते, हे सगळं विचारून त्यांनी वहीत लिहून घेतलं आहे. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, पण एक चूक नाही. मी वाचलं. त्या पानात त्यांनी तेंदूपान ठेवलं आहे.

त्या प्रेमानं करतात. तेवढं मला कळतं, आणि म्हणून मी त्यांना येऊ नका म्हणू शकत नाही.

काल दुपारी विशूला थोपटता थोपटता माझाच डोळा लागला. कधी नव्हे ती गाढ झोप होती. जाग आली तेव्हा ऊन खाटेच्या पायाशी आलं होतं, विशू अंगणात खेळत होती, आणि चेहऱ्याजवळ काहीतरी उबदार होतं. मी डोळे उघडले नाहीत.

केसरबाईंनी माझ्या नाकापुढे हात धरला होता. त्या हळू आवाजात मोजत होत्या. सतरा. अठरा. एकोणीस.