आधीचा ठोका

विजापूर वेशीजवळच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर झीनत राहते. तिची मुलगी अरिबा डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला आहे. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ती एकदा नापास झाली, तेव्हा झीनतने तिला माझ्याकडे धाडलं. निवृत्त होईपर्यंत मी तोच विषय शिकवला. आमच्या वेळी काजळी धरलेल्या कागदावर बेडकाच्या हृदयाच्या रेघा उमटायच्या, आणि हातांना दिवसभर धुराचा वास राहायचा. आता बेडूक गेले, तो कागद गेला. मनगट तेवढं राहिलं.

"आजी, या टायमाला राहिले तर कॉलेज सोडते," अरिबा म्हणाली. "माझ्या बोटांनाच काई कळत नाही."

"बोटांना कळतं. तू त्यांचं ऐकत नाहीस."

रोज दुपारी कूलरसमोर बसून मी डावा हात पुढे करायची. तिची तीन बोटं मनगटावर, स्टेथोस्कोप पदराखालून छातीवर. हृदय आधी वाजतं, त्याची लाट मनगटाला किंचित नंतर पोचते. तिने ते ताडून पाहायचं, एवढाच धडा.

एका दुपारी तिच्या कपाळाला आठी पडली.

"आजी, उलटं लागतंय की. हात पैले, छाती नंतर."

"असं होत नसतं."

"हौ, पण लागतंय तर."

तिचा स्टेथोस्कोप मी माझ्या कानांत घातला आणि उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर टेकवली. बोटांखाली ठोका आला. मग छातीत.

मला भीती वाटली नाही, लाज वाटली. चारचौघांत नेसूचं सुटावं, तशी. मी हात पदराखाली ओढून घेतला.

"सगळं ठीक आहे," म्हणाले. "छाती आधी, हात नंतर. जर्नलमध्ये तसंच लिही. ठोके बहात्तर."

न मोजता बहात्तर लिहिणाऱ्या कितीतरी मुलांची जर्नलं मी वर्गाबाहेर भिरकावली होती. अरिबाने मान खाली घालून बहात्तर लिहिलं.

त्यानंतर ती दबकतच यायची. बोटं टेकवायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायची. मी जे म्हणेन ते तिला लागायचं. हातातलं आणि छातीतलं अंतर मात्र वाढत चाललं होतं, क्षणाचं मिनिटावर आलं होतं. ते मी एकटी असताना तपासत होते.

एकदा ती मोजता मोजता थांबली.

"आजी, हात पळायला लागलाय. छाती तर निवांत हाय."

"परत चुकलीस."

"चुकले तर चुकले. माझी बोटं जनावरांच्या डॉक्टरलाबी चालायची नाहीत."

मला हसू आलं. मी हसतच होते, तेवढ्यात रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर फुटला. खिडकीच्या काचा थरथरल्या, कूलर बंद पडला. माझी छाती धडधडू लागली.

"आता छाती पळतीय," अरिबा हळूच म्हणाली. "हात शांत झाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"उकाडा फार आहे," म्हणाले.

आज सकाळी परीक्षेला जाताना ती वर आली. इस्त्रीचा पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप.

"एकदाच बघते, आजी."

तिने बोटं ठेवली. सरकवली. पुन्हा ठेवली.

"लागतच नाही. काईच नाही."

"छाती?"

"छाती चालूय."

मी स्वतः पाहिलं. मनगट उबदार होतं. बोटं हलत होती. आत काही नव्हतं.

अरिबाचे डोळे भरले. ती कोटाची बटणं काढू लागली.

"कोट घाल," मी म्हणाले. "तुझी बोटं पहिल्या दिवसापासून बरोबर आहेत. खोटं मी बोलले."

"म्हणजे हात खरंच आधी..."

"हो."

"मग आता हाताला जे झालं, ते छातीला..."

"खाली रिक्षा थांबलीय. परीक्षेत बोटांना जे लागेल तेच सांग, पुस्तकातलं नको."

ती दारात घुटमळली.

"संध्याकाळी येतेच, आजी. हलू नका हितून."

छातीवर तळवा ठेवून बसले आहे. अजून चालू आहे. झीनतला दुपारी वर यायला सांगितलं आहे, अरिबा परतायच्या आत. दाराची कडी काढून ठेवली आहे.